आठ मोटारींची बैलगाडी

जुळे सोलापूर,
रविवार, २३ नोव्हेंबर २०२५

प्रिय इंदू,

परवा तुझा फोन आला तेव्हा मी मध्येच "बरं" म्हणून तो तुझ्या आईच्या हातात दिला, त्यामुळे मी नीट ऐकलं नाही असं तुला वाटलं असेल. ऐकलं होतं. तीन डिसेंबरला पुण्यात लवादापुढे मला साक्षीला बोलावलंच, तर मी एवढंच म्हणायचं की चौदा-पंधरा वर्षांपूर्वीची गोष्ट आहे, आता काही आठवत नाही. पुढचं तुमचे वकील बघून घेतील. हे तू इतक्या मऊ आवाजात सांगितलंस की क्षणभर वाटलं, माझ्या रक्तदाबाच्या गोळीची आठवण करते आहेस. फोनवरच उत्तर दिलं असतं तर माझा आवाज चढला असता आणि तुझी आई आठ दिवस माझ्याशी बोलली नसती. म्हणून लिहितोय, आणि पोस्टाने पाठवतोय, कारण मोबाइलवर आलेलं सगळं तू दोन बैठकांच्या मधे अंगठ्याने वर सरकवत वाचतेस.

तर तुझ्या वकिलांच्या माहितीसाठी, मला काय काय आठवतं ते आधी सांगतो. जानेवारी २०११, संक्रांतीचा आठवडा. मोहोळच्या पुढचा तो आपला एकेचाळीस किलोमीटरचा रस्ता, तेव्हा एकेरी आणि कडा खचलेला. लिंबेवाडी फाट्यावर बाभळीच्या सावलीत बांधकाम खात्याचा मंडप, चार बांबू आणि एक ताडपत्री. मी खात्यात स्थापत्य सहाय्यक, निवृत्तीला दीड वर्ष उरलेलं. सात दिवस रस्त्याने जाणारं प्रत्येक वाहन मोजायचं, दर वाहनाला पेन्सिलीची एक रेघ, चार रेघा झाल्या की पाचवी आडवी. मोटारी, जीप, एसटी, ट्रक, ट्रॅक्टर, दुचाकी, सायकल आणि बैलगाडी, असे रकाने. तक्त्याखाली कार्बन घालून दुसरी प्रत, आणि प्रत्येक तक्त्यावर शेवटी माझी सही. सहीतला माझा ‘मुकुंद’ कसा काढायचो तेही आठवतं. निवृत्तीनंतर तो थोडा वाकडा झाला आहे, पण ओळखू येतो.

बैलगाड्यांचा रकाना बिरदेवकडे होता. तुला तो आठवत असेल. आमचा मैलकुली, म्हणजे रस्त्याच्या ठरावीक तुकड्याची राखण करणारा खात्याचा मजूर, लिंबेवाडीचाच. तू लहान असताना मी तुला साइटवर नेलं की तो तुला बोरं आणून द्यायचा आणि बिया गिळू नकोस म्हणून समोर बसून राहायचा. त्याला लिहिता येत नव्हतं, पण मोजणीत त्याच्याइतका पक्का माणूस मी खात्यात पाहिला नाही. उजव्या खिशात चिंचोके भरून आणायचा, गाडी गेली की एक चिंचोका डाव्या खिशात टाकायचा, आणि तासाने मला सांगायचा, मग मी रेघा ओढायचो. डिप्लोमावाली दोन पोरं शेजारचे रकाने घेऊन बसलेली, मोबाइलवर गाणी ऐकत अंदाजपंचे रेघा मारत होती. बिरदेवचा एक चिंचोका कधी इकडचा तिकडे झाला नाही.

संक्रांतीचा आठवडा म्हणजे साखर कारखान्याचा भर हंगाम. उसाच्या गाड्यांची रांग सकाळी उजाडल्यापासून सुरू व्हायची. भरलेली गाडी कारखान्याकडे जाणार, तीच रिकामी होऊन परत येणार, आणि जवळच्या फडातली असली तर दिवसात दुसरी खेप करणार. म्हणजे एकच बैलजोडी आमच्या मंडपासमोरून दिवसात चारदा जायची आणि चारदा मोजली जायची. इथपर्यंत ठीक आहे. पण वाहनं मोजून झाली की त्यांचं मोटारीत रूपांतर करतात, हे तुला मी सांगायला नको. रस्त्यावर कोण किती जागा अडवतो त्यावरून ठरलेला गुणाकार आहे. मोटार एक, ट्रक तीन, उसाची ट्रॉली ओढणारा ट्रॅक्टर साडेचार आणि बैलगाडी आठ. गुणाकारात चूक काही नाही. बैलगाडीमागे आठ मोटारी खोळंबतात, म्हणून रस्ता किती रुंद हवा हे ठरवायला तिला आठ धरतात. चार खेपांना बत्तीस. दोन थकलेले बैल आणि पाठीला ऊस टोचणारा एक तोडकरी मिळून दिवसाला बत्तीस मोटारी.

मी हे बिरदेवला समजावून सांगितलं तेव्हा त्याने खिशातला एक चिंचोका काढून बोटांत फिरवला. मग म्हणाला, "सायेब, ह्यो बैल आट मोटारींचा हाय म्हंता. मग उद्या टोल बसला तर आटांचा टोल देनार व्हय त्यो?" डिप्लोमावाली पोरं हसली. मीही हसलो. सगळ्या प्रकरणात अक्कल वापरून विचारलेला हा एकच प्रश्न, आणि तो विचारणाऱ्याचा महिन्याचा पगार पाच आकडीही नव्हता.

कारण बैलगाडीला टोल नसतो. ट्रॅक्टरला नसतो, दुचाकीला नसतो. रस्ता किती रुंद करायचा याचा तो आकडा, रस्ता किती कमावेल याचा नव्हे. हे मला ठाऊक होतं, तुला ठाऊक होतं, आणि तुझ्या सल्लागार कंपनीच्या त्या टाय लावणाऱ्या साहेबांना तर नक्कीच ठाऊक असणार. तरी टोलवाल्यांसाठी तुम्ही केलेल्या वाहतुकीच्या रिपोर्टात पान छत्तीसवर हे बैल "इतर" नावाच्या रकान्यात गेले, पान एकेचाळीसवर तो "इतर" रकाना बाकीच्या वाहनांत प्रमाणाप्रमाणे वाटून टाकला, आणि पान बावन्नवर टोलच्या उत्पन्नाचा तक्ता आला तेव्हा तिथे एकही बैल शिल्लक नव्हता. सगळ्या मोटारी, जीपा आणि ट्रक. दरवर्षी सात टक्क्यांनी वाढणारे. तो रिपोर्ट तू मला बाइंडिंग करून आणून दिला होतास, पहिल्या पानावर तुझं नाव छापलेला. मी तो आपल्या पाहुण्यांना दाखवायचो. वाचला मात्र निवृत्त झाल्यावर, निवांतपणे.

आता बँकवाल्यांचं. परक्याचे पैसे देणारा माणूस किती डोळ्यांत तेल घालून बघत असेल, अशी माझी समजूत होती. चार बँकांचे मिळून सहा अधिकारी रस्ता पाहायला आले ते थंड केलेल्या दोन गाड्यांतून, आणि काचा खाली न करता बारा किलोमीटर पाहून थेट एका पुढाऱ्याच्या शेतात हुरड्याला गेले. मी तिथे नकाशे घेऊन उभा होतो. नकाशाची घडी कोणी उलगडली नाही. हुरडा, शेंगाची चटणी, दही, गूळ, बोरं, वरून ताक. एक साहेब तर चटणी कशी करतात ते लिहून घेत होता. वाहनांच्या आकड्यांबद्दल त्याने एवढं लिहून घेतलं नाही. परत निघताना त्यातल्या सर्वांत मोठ्याने बांधाशी थांबलेल्या उसाच्या गाडीजवळ उभं राहून, बैलाच्या शिंगाला हात लावून फोटो काढून घेतला. त्याच्या बँकेची आठ गिऱ्हाइकं त्याच्या शेजारी रवंथ करत उभी होती आणि त्याला पत्ता नव्हता. महिन्याभरात कर्ज मंजूर झालं. त्यातल्या एका बँकेत तुझ्या आईची ठेव होती आणि अजून आहे, हे मी तिला आजवर सांगितलेलं नाही.

मग बांधा, वापरा, हस्तांतरित करा. सरकारकडे पैसा नाही, म्हणून खाजगी कंपनीने स्वतःचा पैसा घालायचा, रस्ता बांधायचा, ठरलेली वर्षं टोल घ्यायचा आणि मग रस्ता सरकारला परत द्यायचा. मंत्र्यांनी नारळ फोडताना हे इतकं गोड करून सांगितलं की लिंबेवाडीच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. कंपनीचा स्वतःचा पैसा म्हणजे काय ते मी जवळून पाहिलं. बँकेचं कर्ज आलं, त्यातून कंपनीने आपल्याच भावाच्या कंपनीला दीडपट दराने काम दिलं, आणि भावाला जो जास्तीचा पैसा मिळाला तोच मालकाच्या खिशातली गुंतवणूक म्हणून परत आला. लोकांच्या ठेवींनी लोकांचा रस्ता झाला आणि लोक त्यावरून जायला लोकांकडूनच टोल. मधे बसणाऱ्याने फक्त फेटा बांधला. माझं काय, मी ज्या खात्यात छत्तीस वर्षं घालवली त्या खात्यात खडीच्या एका ट्रकचं बिल जास्त लागलं तर चौकशी व्हायची.

रस्ता बरा झाला, ते नाकारत नाही. खोटं मी त्यांच्याही विरुद्ध बोलणार नाही. पण टोलनाका सुरू झाला आणि मोटारी आल्याच नाहीत. कशा येणार, त्या कारखान्याच्या आवारात दावणीला बांधलेल्या होत्या. आता बघ कशी गंमत झाली. आकडा चुकला असं कंपनी म्हणू शकत नव्हती, कारण त्याच आकड्यावर कर्ज घेतलेलं. बँक म्हणू शकत नव्हती, कारण तिने तो हुरडा खात मान्य केलेला. सरकार म्हणू शकत नव्हतं, कारण मंत्र्यांचा फीत कापतानाचा फोटो कचेरीत लावलेला. तुमची कंपनी तर कानावर हातच ठेवून बसली. मग सगळ्या शहाण्यांनी मिळून ठरवलं की मोटारी आहेत, पण त्या टोल चुकवून पळतात. नसलेल्या मोटारी शोधायला माणसं नेमली, आकाशातून चित्रं काढली, आणि त्यांना लिंबेवाडीचा जुना गाडीरस्ता सापडला. या चोरवाटेने आमची वाहनं पळतात, ती सरकारने वेळेवर बंद केली नाही, म्हणून आमचं नुकसान झालं, म्हणून आम्हाला आणखी अकरा वर्षं टोल घेऊ द्या. हा टोल कंपनीचा, तुमच्या सल्ल्याने केलेला, तीन तारखेचा दावा. बरोबर सांगितला ना? बघ, आठवतं मला.

मध्येच घरचं सांगून टाकतो, नाहीतर तुझी आई म्हणेल पत्रात नुसता टोलच लिहिला. ती बरी आहे. राजसच्या मुंजीची तारीख फेब्रुवारीत धरल्यापासून तिच्या नवी पेठेच्या फेऱ्या सुरू झाल्या आहेत. रिक्षाने जाते, चार दुकानं पालथी घालते आणि रंग पसंत नाही म्हणून रिकाम्या हाताने परत येते. भिक्षावळीला चांदीची वाटी हवी की भांडं, यावर तिचं आणि तुझ्या सासूबाईंचं फोनवर अजून चाललं आहे. खालच्या मजल्यावरच्यांनी नवी गाडी घेतली आणि ती माझ्या स्कूटरच्या जागेवर लावतात. मी दोनदा सांगितलं, तिसऱ्यांदा सांगणार नाही. राजसला म्हणावं, आजोबांनी संध्या मोठ्या अक्षरांत लिहून ठेवली आहे. तो मुंजीत माझ्या मांडीवर बसणार का, हे आता तुझ्यावर आहे. त्याचं कारण पुढे येईल.

गेल्या मे महिन्यात टोल कंपनीने दोन पोकलेन आणून लिंबेवाडीच्या त्या गाडीरस्त्यावर दोन्ही तोंडांना चर खोदले. सहा फूट खोल. रस्ता सरकारी, चर कंपनीचा, आणि बंदोबस्ताला पोलीस. दुधाची पिकअप आता नाक्यावरून टोल भरून जाते. शाळेची पोरं चराच्या कडेने एकामागे एक चालतात. पावसाळ्यात त्यात पाणी साठलं, कडा ढासळल्या. कोणी फळी टाकली की कंपनीचा माणूस येऊन उचलून नेतो, कारण फळीवरून मोटारी पळतील. एका फळीवरून. अशा डोक्यांना तुम्ही तासाच्या हिशेबाने सल्ला देता.

दसरा झाल्यावर तिसऱ्या दिवशी सकाळी बिरदेव सायकलवर चाऱ्याचा भारा घेऊन शेतातून येत होता. पावसाने फुगलेल्या कडेवरून चाक घसरलं आणि तो सायकलीसकट चरात पडला. खुब्याचं हाड मोडलं. तासाभराने एका पोराने पाहिलं. त्याला उचलून आणायला रुग्णवाहिका आली ती चराच्या पलीकडे थांबली, आणि त्याला चादरीत घालून चौघांनी चरातून पार केलं. डॉक्टरांनी खुबा बसवला, पण बहात्तरीच्या माणसाचं हाड आहे. तो आता उठून बसतो, चालत नाही. ज्या माणसाने तीस वर्षं त्या रस्त्याचे खड्डे भरले, त्याला खड्ड्यात पाडायला चार बँकांचा पैसा लागला. हे मी तुला फोनवर सांगितलं होतं. तू "अरेरे" म्हणालीस आणि विचारलंस की गावकरी कंपनीवर केस करणार आहेत का.

मी त्याला भेटायला गेलो. तुझी आई म्हणाली बसने जा, पण मी स्कूटरवर गेलो. चरापाशी लावली आणि उतरून चालत गेलो. बिरदेव मला पाहून उठायला लागला, साहेब आले म्हणून. मी दटावलं तेव्हा पडून राहिला. त्याची बायको सोनाबाई चहा घेऊन आली आणि उंबऱ्याशी बसली. तक्रार नाही, आदळआपट नाही. साध्या आवाजात तिने मला विचारलं, "सायेब, तुमी आन् ह्यांनी त्या टायमाला गाड्या मोजल्या व्हत्या की. त्या गाड्या कुटं गेल्या म्हनून आमचा रस्ता फोडला म्हंत्यात. खरं हाय का वो?" बिरदेवने मान भिंतीकडे वळवली. त्याला सगळं कळलं होतं गं. त्याचेच चिंचोके होते ते. त्याने बायकोला सांगितलेलं नव्हतं, कारण सांगायचं तर माझं नाव घ्यावं लागलं असतं. मी चहा संपवला. खरं आहे की नाही ते तिला सांगितलं नाही, आणि उठलो.

आता ते लिहितो, जे तुझ्या-माझ्यात आजवर कधी बोललं गेलं नाही. इतका वेळ मी बँकांना, मंत्र्यांना, टायवाल्यांना नावं ठेवली, कारण ती ठेवताना मला बरं वाटत होतं. तू तेव्हा सव्वीस वर्षांची होतीस. तुझं पहिलं स्वतंत्र काम. २०१० च्या ऑगस्टमध्ये तुम्ही स्वतः मोजणी केली, ती पाच हजारांच्या आत आली आणि बँकेला तर दहाच्या वर हवे होते. तुझे साहेब म्हणाले, आकडा बसला नाही तर प्रोजेक्ट गेला आणि तूही. तू मला फोन केलास आणि रडलीस. काय करू, असं विचारलंस. जानेवारीत मोज, असं तुला मी सांगितलं. भर हंगामात मोज, त्यात सोलापूरला गड्ड्याची जत्रा असते, तिचीही गर्दी मिळेल. आणि आकडा वाहनांचा लिहू नकोस, मोटारींचा लिही, बैलगाडी आठाला जाते. खात्याची मोजणी त्याच आठवड्यात ठेवून घेतो, म्हणजे आकड्याला सरकारी सही मिळेल. हे सगळं मी तुला एका दमात सांगितलं, घडी घातलेलं पांघरूण उलगडावं तसं. छत्तीस वर्षं रस्त्यावर काढलेल्या माणसाशिवाय हे कोणाला सुचलं नसतं. रिपोर्टातली वाटणी तुमच्या साहेबांनी केली असेल, पण बैल तुमच्या दारात आणून बांधले मी.

मला त्याबद्दल कोणी एक रुपया दिला नाही. याचाच मला अभिमान होता, बघ. खात्यात पाकीट घेणाऱ्यांकडे मी आयुष्यभर नाक मुरडून पाहिलं. पाकीट घेणाऱ्यांनी फार तर डांबर पातळ केलं असेल. मी मुलीची अडचण सोडवली या आनंदात एका गावाचा रस्ता मोडला आणि एका माणसाचा खुबा. तू प्रोजेक्ट मिळाल्यावर पेढे घेऊन आलीस, त्यातले अर्धे मी बिरदेवला दिले होते. आता या माणसाची मला स्वतःलाच किळस येते, आणि ती तुला सांगितल्याशिवाय दुसऱ्या कोणाला सांगायचा मला हक्क नव्हता.

तुझ्याबद्दल काय वाटतं, तेही सांगतो. तेव्हाच्या तुझा मला राग नाही. घाबरलेली होतीस, बापाला विचारलंस, बापाने चुकीचा रस्ता दाखवला. आताच्या तुझा आहे. आता तू त्याच कंपनीत भागीदार आहेस, तुला कोणी काढणार नाही, आणि तू मोटारी पळून गेल्या असं शपथेवर लिहून दिलं आहेस. त्या पळाल्या नाहीत हे तुला माझ्याइतकंच ठाऊक आहे. तुझी ती आठ पानं मी वाचली. इतकं सफाईदार खोटं मला जमलं नसतं, आणि ते वाचताना मला तुझी शाळेतली वही आठवली नाही की काही नाही, फक्त लाज वाटली. कधीच कोणाबद्दल वाटली नव्हती इतकी.

आता हे पत्र आजच का, ते सांगतो. मोजणीचे तक्ते खात्यात सापडत नाहीत असं तुमच्या वकिलांनी लवादाला कळवलं आहे. खात्याची प्रत कोणी गहाळ केली ते मला माहीत नाही आणि विचारायचंही नाही. कार्बनची प्रत माझ्याकडे होती. शुक्रवारी मी ती सरकारी बाजूचे वकील गुरुलिंग यांच्या हातात दिली. आपल्या भागातलाच माणूस आहे, कमी बोलतो. सातही दिवसांचे तक्ते, बिरदेवच्या रकान्यासकट. सोबत माझं प्रतिज्ञापत्र, की जानेवारीची कल्पना माझी, सही माझी. त्यांनी ते दोनदा वाचलं आणि म्हणाले, "सर, ही नुसती तुमची साक्ष झाली. समोरचे म्हणतील, म्हातारा निवृत्त माणूस, चूक त्याचीच, आमच्या रिपोर्टाशी संबंध नाही. फोनच्या पलीकडे कोण होतं?" मी घरी येऊन तुझ्या आईला सगळं सांगितलं. ती पुष्कळ वेळ हातातल्या साडीच्या पिशवीची घडी घालत बसली आणि म्हणाली, "अहो, मुंजीनंतर नाही का चालणार?" रात्री जेवलो नाही दोघंही. सकाळी तिनेच मला माझा चष्मा काढून दिला. शनिवारी मी परत गेलो आणि गुरुलिंगांना त्या प्रश्नाचं उत्तर दिलं. साक्षीदारांच्या यादीत पहिलं नाव माझं आहे, दुसरं तुझं. ते मी दिलं. नोटीस तुला बुधवार-गुरुवारपर्यंत मिळेल, आणि ती तुला वकिलाच्या कागदावरून कळू नये, बापाच्या अक्षरातून कळावी, म्हणून हे आज लिहिलं. तुला विचारतील, हे कोणी शिकवलं. बाबांनी शिकवलं, असं सांग. ते खरं आहे, आणि तेवढं खरं तू बोललीस तर बाकीचं मी सोसेन. नाही बोललीस, तर मला आठवतं तेवढं सगळं मी बोलणार आहे, तुझ्यासमोर, तुझ्याकडे बघून.

तुझाच,
बाबा